नाव घेतलं की उठायचं

गेल्या आठवड्यात दाताच्या दवाखान्यात माझ्या नंबराची वाट बघत बसले होते. आलेल्या माणसाची भीती कमी व्हावी म्हणून लावतात तसलं संथ संगीत भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून चालू होतं. लांबवर ताणलेले सूर आणि त्याखाली मऊ ठोके. माझं लक्ष पुस्तकात होतं. मग त्या ठोक्यांवर एका बाईचा आवाज आला. एकच अक्षर, कापून पुन्हा पुन्हा जोडलेलं: सां, सां, सां. मी पुस्तक मिटलं. पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. ते आलं, आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

"मॅडम, तुमचा नंबर नाही आला अजून," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "बसा ना."

"हे गाणं कुणी म्हटलंय, माहीत आहे का?"

तिने फोनवर बघितलं आणि एका ब्रिटिश संगीतकाराचं नाव सांगितलं. "त्याचा सेकंड अल्बम आहे हा. जुना आहे, पण अजून सगळीकडे वाजतो. आमच्या योगाच्या क्लासला पण हेच असतं."

"त्याने नाही म्हटलेलं," मी म्हणाले. वय झालेल्या बाईपुढे डोलावतात तशी तिने मान डोलावली.

त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते पुरेशा ठिकाणी छापलेलं आहे. मला ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ते इनास तुस्कानो दोन महिन्यांपूर्वी वसईला वारले. आणि तो आवाज त्यांच्या मोठ्या बहिणीचा, कतरीन तुस्कानोचा. ही दोन नावं मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहून टाकते आहे. राहून जाता कामा नयेत.

नव्वदच्या दशकात आम्ही बर दुबईत, मीना बाजाराच्या मागच्या एका इमारतीत राहत होतो. मी तिथल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल होते. समोरच्या फ्लॅटमध्ये एका मोठ्या हॉटेलचे तीन कर्मचारी एकत्र राहत, त्यातले इनासदादा एक. बायको आणि मुलगी वसईला. कुणी विचारलं काय काम करता, तर ते एवढंच म्हणत, "साउंड." त्यापुढे माहिती द्यावी असं त्यांना कधी वाटलं नाही. साउंड म्हटल्यावर ज्याला कळत नाही त्याच्याशी बोलण्यात काय अर्थ, असा त्यांचा चेहरा असे.

पहिल्यांदा आमच्याकडे आले ते शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी दुपारी, जेवायला. माझ्या नवऱ्याने जिन्यात बोलावलं होतं. दारातून आत आले, नमस्कार नाही, चमत्कार नाही. खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि एकदाच जोरात टाळी वाजवली. मान तिरकी करून ऐकत राहिले.

"बाई, तुमच्या घरात पुस्तकं फार."

"हो ना," मी खुश होऊन म्हणाले.

"तारीफ नाही केली. पुस्तकं आवाज खातात. इथे बोललेलं सगळं मरतं."

ही टाळी ते कुठेही वाजवत. लिफ्टमध्ये, कपड्याच्या दुकानात, माझ्या शाळेच्या ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली. चर्चमध्येसुद्धा त्यांनी एकदा टाळी वाजवली होती आणि फादरनी त्यांना मिस्सा संपल्यावर बाजूला घेतलं होतं. "फादर म्हणाले, इनास, देवाचं घर आहे. मी म्हटलं, फादर, म्हणूनच वाजवली. देवाचं घर चांगलं आहे, तुमचा स्पीकर वाईट आहे."

ते गरीब स्वभावाचे नव्हते. हे सांगायला हवं, कारण माणूस गेला की सगळे त्याला गरीब स्वभावाचा करून टाकतात. इनासदादा भांडखोर होते, गर्विष्ठ होते, आणि त्यांच्या तोंडून 'थँक्यू' मी कधी ऐकलं नाही. तिथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत अध्यक्ष भाषण करत होते आणि माइक शिट्ट्या मारत होता. इनासदादा प्रेक्षकांतून उठले, स्टेजवर गेले आणि भाषण चालू असताना माइक बंद करून टाकला. अध्यक्ष हात पसरून म्हणाले, "अहो, हे काय?" तर म्हणाले, "साहेब, शिट्टी आणि भाषण, दोन्ही एकदम नको. एक काय ते ठरवा." पुढे कित्येक वर्षं अध्यक्ष त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि हे इनासदादांच्या लक्षातही आलं नाही.

त्यांची कामाची एक रीत होती. हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम असला की दुपारी रिकाम्या हॉलचा आवाज जुळवायचा असतो. साउंडवाल्यांकडे त्यासाठी एखादी कॅसेट असते, पूर्ण पाठ असलेली. तिच्यातलं काय कमी ऐकू येतंय, काय जास्त, यावरून हॉल कळतो. बाकीचे त्यासाठी बँडचं काहीतरी वाजवत. इनासदादा आपल्या बहिणीचं गाणं वाजवत. वाद्य नाही, ताल नाही, नुसता आवाज. "वाद्य खोटं बोलतं बाई. माणसाचा आवाज नाही बोलत. आणि हा आवाज मी आईच्या आधी ऐकलाय." आई लहानपणीच गेली होती. त्यांना वाढवलं ते कतरीनने. ते तिला बाय म्हणत.

एकदा त्यांनी आम्हा दोघांना दुपारी हॉलमध्ये नेलं. प्रचंड झुंबरं, रिकाम्या खुर्च्या, आणि त्या सगळ्यातून एका बाईचा चिरका, उघडा, शेतातून हाक मारावी तसा आवाज. शब्द त्यांच्या बोलीतले. मला निम्मेच कळले. गाणं चालू असताना इनासदादा एके ठिकाणी आपल्या खुर्चीतून उठले, क्षणभर उभे राहिले आणि पुन्हा बसले. मला वाटलं, पाय आखडला असेल.

"नाव आलं ना माझं," ते म्हणाले.

त्यांच्या आळीत लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीला हे गाणं म्हणतात. मोठी बहीण किंवा आत्या नवऱ्याला हळद लावते आणि गाते. गाण्यात नावं घ्यायची. आधी गेलेल्यांची, मग आईबापांची, मामांची, मग मांडव घालणाऱ्याची, विहिरीतून पाणी काढून आणणाऱ्याची, भात शिजवणारीची. ज्याचं नाव येईल त्याने उठून उभं राहायचं, सगळ्यांनी त्याला बघायचं, मग त्याने बसायचं. माणूस हजर नसेल तर त्याच्या घरचं कुणी उठतं. एकाही माणसाचं नाव राहता कामा नये. राहिलं तर तो जेवत नाही. इनासदादांच्या हळदीला त्यांच्या सांतान मामांचं नाव यायला उशीर झाला. मामा चप्पल घालून निघाले. तेव्हा बायने 'सांतान' हे नाव असं काही लांबवून, परत परत घेतलं की मामा मांडवाच्या दारातून हसत मागे आले. ती हळद कुणीतरी गल्फमधून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतली होती. दुबईच्या झुंबरांखाली वाजत होती ती तीच हळद.

म्हणजे बघा, हे गाणंच मुळी नावांचं होतं. त्यात दुसरं काही नव्हतं. हे लक्षात ठेवावं, एवढीच माझी वाचणाऱ्याला विनंती आहे.

तो संगीतकार हॉटेलात वाजवायला आला तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. त्याचा पहिला अल्बम खूप गाजला होता आणि आता दुसऱ्यात काय करणार, असं जो तो त्याला विचारत होता. इनासदादांना तो आवडला. सडपातळ, लाजरा, कुणाशी न बोलणारा. त्याची सगळी वाद्यं म्हणजे बटणांच्या पेट्या. दुपारी हॉलमध्ये बायची टेप लागली तेव्हा तो स्टेजच्या कडेला बसला होता. टेप संपेपर्यंत हलला नाही. मग येऊन विचारलं, ही कोण?

"माय सिस्टर," इनासदादांनी सांगितलं. "कतरीन. वसई, इंडिया." थर्मासमधला चहा त्याला दिला. गाणं म्हणजे काय, उठायचं कसं, सांतान मामा कसे रुसले, सगळं सांगितलं. टेप पुन्हा लावली. आपलं नाव आल्यावर इनासदादा उठले तर तो पोरगाही हसत त्यांच्याबरोबर उठला. त्याने टेपची कॉपी मागितली. इनासदादांनी ती स्वतः बसून, चांगल्या कॅसेटवर करून दिली. कागद नाही, सही नाही. पाहुण्याने मागितलं, दिलं.

त्या संध्याकाळी आमच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "बाई, बाय लंडनला निघाली."

पुढे बराच काळ काही नाही. मग एका दुपारी हॉटेलच्या युनिफॉर्ममध्येच ते दारात. घामाने डबडबलेले. हातात सीडी.

"बाई, हे वाचा. अक्षर बारीक आहे. कुठेतरी असेल. मला सापडत नाही."

हॉटेलचा मॅनेजर मूळचा बैरुतचा, हसरा माणूस. त्याने सकाळी ही सीडी आणून दिली होती. लंडनमध्ये सध्या हेच चाललंय, आजपासून लॉबीत चहाच्या वेळी हेच लावायचं, म्हणाला. इनासदादांनी लावली. चौथ्या गाण्यात त्यांची बहीण होती. 'सांतान'मधलं फक्त 'सां' ठेवलेलं, त्याच्यावर ठोके. मध्येच 'इना', पुढचं अक्षर नाही. मागे कुठेतरी पाण्याखालून आल्यासारखा तिचा एक लांब सूर.

मी कव्हरवरचं सगळं वाचलं. आधी डोळ्यांनी, मग भिंग घेऊन. त्या गाण्यासमोर लिहिलं होतं: स्त्रीस्वर, पारंपरिक, अरबी वाळवंटातील प्रार्थना, गायिका अज्ञात.

वाळवंट! ती बाई केळी आणि पानवेलींच्या वाडीत जन्मली, वाढली, रहाटाच्या पाण्यात पाय बुडवून गायला शिकली. प्रार्थना! रुसलेल्या मामाला जेवायला बोलावत होती ती. आणि अज्ञात? त्याच माणसाने समोर बसून, तिच्या भावाचा चहा पीत तिचं नाव विचारलं होतं. त्याला सांगितलं होतं. तो उठून उभा राहिला होता.

खाली आभारांची यादी होती. त्यात त्याची आई होती, घरमालक होता, दुबईचा प्रकाश होता. आणि त्याचा कुत्रा होता. नावासकट.

"काय लिहिलंय?" इनासदादांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. कुत्रा गाळला. त्यांनी सीडी परत घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि स्वतः तो शब्द शोधून काढला.

"हे कुत्र्याचं नाव ना?"

"हो."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "कुत्र्याला नाव असतंच."

मी आयुष्यात फारशी चिडलेले नाही. पुस्तकांच्या सोबतीने राहणाऱ्या माणसाला तशी गरज पडत नाही. पण त्या दिवशी चिडले. ग्रंथपालाचं काम म्हणजे दुसरं काय असतं? कुणाचं काय, ते त्याच्या नावावर लावायचं. लेखकाचं नाव माहीत नसलं तर आम्ही शोधतो, विचारतो, वाट बघतो. माहीत असताना 'अज्ञात' लिहिणाऱ्याला आमच्यात नोकरीवर ठेवत नाहीत. याला बक्षिसं देत होते.

मी कंपनीला पत्र लिहायला घेतलं. कायदा, हक्क, भरपाई, जे जे सुचलं ते घातलं. इनासदादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं नको. लिहा, नाव लावा. बस."

"अहो, पण त्यांनी—"

"पैशाचं लिहिलंत तर ते म्हणतील, पैशासाठी आला. नाव लावा. कतरीन तुस्कानो. गाव वसई. इतकंच."

तेवढंच लिहिलं. किती तरी महिन्यांनी उत्तर आलं. पारंपरिक संगीतावर कुणा एका व्यक्तीचा दावा असू शकत नाही, तरी आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत, सोबत छोटीशी भेट. भेट म्हणजे टी-शर्ट. त्यावर त्या संगीतकाराचं नाव, छातीभर. इनासदादांनी त्याचे तुकडे करून साउंडच्या मिक्सरवरची धूळ पुसायला ठेवले. "कापड चांगलं आहे," म्हणाले.

पारंपरिक या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे. कुणाच्या तरी गळ्यातून आल्याशिवाय परंपरा येते कुठून? की नळाला येते?

आणि रोज चार वाजता, केक आणि चहाच्या वेळी, त्यांना स्वतःच्या हाताने ती सीडी लावावी लागे. त्यांनी मॅनेजरला विचारलं, चौथं गाणं तेवढं गाळू का? मॅनेजर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हबीबी, गेस्ट लोग वही गाना पूछते हैं. तुम्हारा सिस्टर फेमस हो गया. बी हॅपी. खलास."

लॉबीच्या कोपऱ्यात त्यांची छोटी केबिन होती, काचेची. मी एकदा तिथे गेले होते तेव्हा बघितलं. गाण्यात तो अर्धवट 'इना' आला की इनासदादा खुर्चीतून अर्धे उठत. पूर्ण नाही. गुडघे वाकलेले, हात टेबलावर. मग बसत. पुन्हा 'इना', पुन्हा अर्धे उठत. ठोका परत परत येई तसे ते परत परत. वेटर पोरं आधी हसायची. मग हसेनाशी झाली.

"कशाला उठता?" मी विचारलं.

"नाव घेतलं की उठायचं."

"पण पूर्ण घेतलेलं नाही."

"म्हणून तर पूर्ण उठत नाही."

त्या वर्षी सुट्टीवर जाताना ते सीडी वसईला घेऊन गेले. बायला ऐकवायची का, यावर आमच्या घरी शुक्रवारभर चर्चा झाली. मी म्हटलं, नका ऐकवू. त्यांनी ऐकवली. परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं.

बाय पडवीत शेंगा निवडत बसली होती. वय झालेलं, कान अजून तिखट. गाणं लागल्यावर तिने हात थांबवले. पूर्ण ऐकलं. पहिला प्रश्न: "मला कोण घाई करत होतं?" दुसरा: "सांतान मामाचं अर्धंच नाव घेतलं. आता तो वर जाऊन रुसून बसला असेल, त्याला कोण समजावणार?" इनासदादांनी तिला कव्हरवरचं सांगितलं. तुझं नाव लावलं नाही, अज्ञात लिहिलंय. यावर ती म्हणाली, "ते कसं? माझं नाव तर गाण्यातच आहे. शेवटचं कडवं कुठंय?"

हे सांगताना इनासदादा माझ्याकडे बघत नव्हते.

गाणारी सगळ्यांची नावं घेते, स्वतःचं घेत नाही. म्हणून शेवटचं कडवं ती गातच नाही. ते बाकीच्या बायका गातात, सगळ्या मिळून, आणि त्यात तिचं नाव घेतात. गाणारीचे हात हळदीत असतात, तिला उठता येत नाही. तेव्हा तिच्या घरचं कुणी तिच्यासाठी उठतं. त्या दिवशी स्वतः नवरदेव, इनासदादाच, हळदीने माखलेले उठले होते.

आणि ते कडवं टेपवर होतं. पण आळीतल्या सगळ्या बायका एकदम, कुणी वरच्या पट्टीत, कुणी खालच्या, हसणं, टाळ्या, भांडी. हॉल जुळवायला अशा गोंगाटाचा काही उपयोग नाही. तेव्हा दुबईला नोकरीवर येताना इनासदादांनी कामासाठी कॅसेट तयार केली ती ते कडवं सोडून. साउंडवाल्याच्या दृष्टीने अगदी बरोबर केलं होतं. मूळ टेप वसईच्या कपाटात राहिली. त्या पोराला कॉपी करून दिली ती कामाच्या कॅसेटची.

"बायचं नाव आधी मी कापलं, बाई."

"तुम्ही त्याला तोंडाने सांगितलं होतंत," मी म्हणाले. मला राग आवरत नव्हता. "नाव, गाव, सगळं. तुमच्या कापण्याने त्याला माफी मिळत नाही."

"त्याला नाही मिळत. मला पण नाही मिळत." ते म्हणाले. "त्याने कापलं ते त्याच्या गाण्यासाठी. मी कापलं ते आवाज घाण वाटला म्हणून. आमच्या बायकांचा आवाज. मला घाण वाटला."

त्यानंतर ते आमच्याकडे येत, पण टाळी वाजवत नसत. मूळ टेप त्यांनी बरोबर आणली होती. शर्टाच्या खिशात असे. वर्षभराने बाय गेली. हॉटेलचा सीझन होता, लग्नं होती, रजा मिळाली नाही. मॅनेजर म्हणाला, इन्शाल्ला पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात कशासाठी जायचं होतं? दफन तर झालं होतं. ती बातमी आली त्या दिवशीही चार वाजता लॉबीत चौथं गाणं लागलं, आणि ते त्यांनीच लावलं. पुन्हा पुन्हा मनात येतं, त्या लॉबीत केक खाणाऱ्या एका तरी माणसाला काही जाणवायला हवं होतं.

दोन हजारनंतर दुबई मरीना उभी राहू लागली. निम्मे टॉवर तयार, निम्म्यांवर क्रेन. इनासदादांच्या हॉटेलवाल्यांनी तिथे पाण्याकाठी नवी शाखा काढली आणि उद्घाटनाला त्याच संगीतकाराला बोलावलं. आता तो मोठा माणूस झाला होता. साउंड इनासदादांकडे. त्यांनी मला पास दिला. "या बाई. साक्षीला कुणीतरी मराठी पाहिजे."

मी दुपारीच गेले. वाळूवर स्टेज, समोर लांबवर साउंडचं टेबल, त्यामागे मला खुर्ची. तो आला. थोडा जाड झाला होता. इनासदादांना बघताच हात पसरून मिठी मारली. "माय फ्रेंड! द टी!" म्हणाला. चहासुद्धा आठवत होता त्याला! इनासदादांनी मिठी मारून घेतली आणि मग, पाठ करून आलेल्या इंग्रजीत, त्याला सांगितलं की माझी बहीण वारली. तुमच्या कव्हरवर तिचं नाव नाही. आज ते गाणं वाजवण्याआधी एकदा तिचं नाव घ्या. कतरीन तुस्कानो. दुसरं काही नको.

तो गंभीर झाला. छातीवर हात ठेवला. "ऑफ कोर्स," म्हणाला. "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स." इनासदादांनी त्याच्याकडून नाव तीनचारदा म्हणवून घेतलं, मास्तर मुलाकडून म्हणवून घेतात तसं. क-त-रीन. त्याला छान जमलं. टेबलाशी परत येताना इनासदादांनी, किती दिवसांनी, उघड्यावरच एक टाळी वाजवली आणि स्वतःशीच हसले. "इथून काही परत येत नाही बाई. मोकळं आहे."

सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली, ती संपेपर्यंत सगळं थांबलं. बांधकामावरच्या मजुरांना सोनापूरच्या कॅम्पकडे नेणाऱ्या बसेस मागच्या रस्त्याने ओळीने गेल्या. मग कार्यक्रम सुरू झाला. चौथं गाणं त्याने शेवटी ठेवलं होतं. लोक ओरडून तेच मागत होते. त्याने हात वर केला, सगळे गप्प झाले. इनासदादांनी त्याच्या माइकचा आवाज जरासा वाढवला, अक्षर अन् अक्षर ऐकू यावं म्हणून.

तो म्हणाला, "वाळवंटातल्या सगळ्या अनाम स्त्रियांसाठी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ठोके सुरू झाले. सां, सां, सां. मी इनासदादांकडे बघितलं. मला वाटलं, आता बंद करतील. अध्यक्षांचा माइक बंद केला होता तसा. एका बोटाचं काम होतं. मी मनात म्हणत होते, करा बंद. पण ते गाणं मध्ये तोडणारे नव्हते. 'इना'ला अर्धे उठले, बसले. शेवटच्या सुरापर्यंत त्यांनी ते गाणं असं सांभाळलं की असं सुंदर ते सीडीवरही नाही. मग खिशातली टेप त्यांनी बाजूच्या डेकमध्ये घातली, आणि टाळ्या सुरू असतानाच तिचा आवाज वर, अगदी वर नेला.

वसईच्या एका आळीतल्या सगळ्या बायका मरीनाच्या पाण्यावर एकदम गायला लागल्या. वेड्यावाकड्या, वरच्या खालच्या, हसत, भांडी आपटत. कतरीन. कतरीन. अर्धं नाही, पूर्ण. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ते दुप्पट ओरडू लागले, नाचू लागले. स्टेजवर तो क्षणभर चमकला. कोणतं नाव चाललंय हे त्याला कळलं. दुपारीच पाठ केलं होतं. मग त्याने दोन्ही हात पसरले आणि वाकून, हसून, त्या टाळ्या स्वतः घेतल्या.

इनासदादांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते उठून उभे राहिले होते. हात शरीराला चिकटलेले, मान ताठ. सगळीकडे माणसं उड्या मारत होती आणि त्यांच्यामध्ये हा एक माणूस हलत नव्हता. लांबून मॅनेजर गर्दीतून धावत येताना दिसत होता. महिनाभरात व्हिसा रद्द होऊन ते वसईला जाणार होते, ते बहुधा त्यांना तेव्हाच कळलं असावं.

कडवं संपलं. टेपवर बायकांचं हसणं राहिलं, आणि त्या हसण्यातून एकटीचा आवाज आला. गाण्याचा नाही, बोलण्याचा. तो चिरका, उघडा आवाज. कापलेल्या भागात हेही होतं, मला माहीत नव्हतं. सगळ्या टॉवरांना, क्रेनना, पाण्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कतरीन आपल्या भावाला म्हणाली, "बस रे इनास आता, हळद सांडवशील."

मॅनेजर टेबलापाशी पोचला तेव्हाही ते उभेच होते.